दंडाची पट्टी लावण्याआधी

सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगला निघण्याआधी मी दरवर्षी नर्सिंगच्या वर्गात एक प्रश्न विचारते. कुपोषित मूल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? उत्तरं ठरलेली असतात. मेळघाट. जव्हार-मोखाडा. बरगड्या मोजता येतील असं, डोळे खोल गेलेलं, कुणाच्या तरी मांडीवर निपचित पडलेलं मूल. "आणि कोल्हापुरात?" असं विचारलं की थोडी चुळबूळ होते आणि कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, आपल्याकडं कुठं कुपोषण असतंय?"

ऊस, गूळ, म्हशीचं दूध आणि तालमी यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलामुलींना असं वाटावं यात नवल नाही. पण हेच उत्तर डोक्यात ठेवून तुम्ही अंगणवाडीत गेलात, तर समोर बसलेलं मूल तुम्हाला दिसणार नाही. मोजमाप कसं घ्यायचं ते पुढं सांगणारच आहे. त्याआधी मोजणाऱ्याच्या मनात काय ठरून गेलेलं असतं, ते बोलू.

आधी राज्याचं चित्र पाहा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. २५.६ टक्के उंचीच्या मानानं कृश होती, आणि ३६.१ टक्के मुलांचं वजन वयाच्या मानानं कमी होतं. राज्यातलं दर तिसरं मूल खुरटत असेल, तर ती सगळी मुलं फक्त मेळघाटात मावणार नाहीत. काही आपल्याही जिल्ह्यात असणार, आणि ती कुठं शोधायची याचा अंदाज बांधणं अवघड नाही.

दिवाळीच्या आसपास साखर कारखाने सुरू झाले की बीड आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे आई पहाटे फडात जाते आणि बाळ उसाच्या पाचटावर किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असतं. त्याचं नाव गावाकडच्या अंगणवाडीत आणि मूल इथं. इचलकरंजीत यंत्रमागावर आणि त्याच्याशी जोडलेल्या कामांवर जाणाऱ्या कुटुंबांत बाळाच्या जेवणाची वेळ आईच्या पाळीप्रमाणे सरकते. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या डोंगरी तालुक्यांतल्या धनगरवाड्यांवर पावसाळ्यात पायवाटच बंद पडते. वीटभट्ट्या आहेत, पुराच्या पाण्यात दरवेळी सामान हलवणाऱ्या नदीकाठच्या वस्त्या आहेत.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते तुमच्या स्वतःच्या गल्लीतल्या घराबद्दल. दारात दोन म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ दूध निघतं आणि किटलीतून थेट डेअरीला जातं. दहा दिवसांनी बिल येतं, त्यातून पेंड, सोसायटीचा हप्ता आणि किराणा भागतो. घरात उरतं ते चहापुरतं. मग दीड वर्षाच्या पोराच्या वाट्याला सकाळी चहा-बटर, दुपारी भात आणि वरणाचं वरचं पाणी, संध्याकाळी रडू नये म्हणून दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट. घर पक्कं, दारात मोटारसायकल, आणि पोराचं वजन तीन महिन्यांत शंभर ग्रॅमही हललेलं नाही. हे मूल कुणालाच कुपोषित वाटत नाही. घरातल्यांना नाही, शेजाऱ्यांना नाही, आणि तुम्हालाही नाही, कारण ते चालतं, बोलतं, हसतं.

अशा मुलाबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बापावर गेलंय, अंगकाठीच बारीक." आमच्या काही विद्यार्थिनीही हे मान हलवून ऐकतात. म्हणून हे नीट समजून घ्या. आज अंगणवाडीत आपण ज्या वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडतो, तो जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली जाहीर केलेल्या निकषांवर आधारलेला आहे. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली मुलं अभ्यासली होती. भारतातली मुलं दिल्लीची होती. आईचं दूध, वेळेवर वरचा आहार, लसीकरण आणि स्वच्छता मिळाली तर या सगळ्या देशांतली मुलं पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ सारखीच वाढतात, असं त्यातून दिसलं. एखादं मूल खरंच लहान चणीचं असू शकतं. पण अख्ख्या वाडीतली निम्मी मुलं बारीक असतील तर ती अंगकाठी नव्हे.

याच्या उलटही फसगत होते. गाल फुगलेलं, पाय भरलेले दिसणारं, चिडचिडं मूल "गुबगुबीत" म्हणून सुटतं. सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी १९३३ मध्ये आजच्या घानामधल्या मुलांतल्या या आजाराचं वर्णन केलं आणि पुढं त्याला तिथल्या लोकांच्या तोंडचंच नाव दिलं: क्वाशिओरकोर. धाकटं भावंड आल्यावर आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ सांगतात. आपल्याकडच्या आज्याही अशा पोराकडं बघून "पाठीवर दुसरं झालं आणि हे वाळलं" म्हणतात. त्यांचं बोलणं अडाणीपणाचं समजून उडवून लावू नका. त्यात निदान आहे.

तर आता हातांचं काम. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं तीन सेकंद दाबा. मनात "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन" म्हटलं की वेळ बरोबर होते. अंगठा काढल्यावर दोन्ही पायांवर खड्डा राहिला तर ती सूज, आणि अशा मुलाचं वजन किंवा दंड कितीही चांगला आला तरी ते तीव्र कुपोषित, म्हणजेच सॅम. दंडघेर सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा घ्यायचा, डाव्या हाताचा, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. हात कोपरात दुमडून मध्य शोधा, पण मोजताना तो सैल खाली सोडलेला हवा. पट्टी कातडीला टेकावी, रुतू नये. ११.५ सेंटिमीटरच्या खाली सॅम. ११.५ पासून १२.५ च्या आत मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुका इथंच होतात. मूल रडतं, हात आखडतो, विद्यार्थिनी घाईनं पट्टी ओढते आणि अर्धा सेंटिमीटर इकडचा तिकडं होतो. एवढ्या अर्ध्या सेंटिमीटरनं पट्टीवरचा मुलाचा रंग बदलतो. रडणारं मूल आईच्या मांडीवर द्या, दोन मिनिटं थांबा, पुन्हा मोजा.

वजन कमीत कमी कपड्यांत, काटा शून्यावर आणून. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवं झोपवून, त्यापुढं उंची उभं करून. दोन वर्षांखालचं मूल झोपायलाच तयार नसेल आणि उभं करून मोजावं लागलं, तर ०.७ सेंटिमीटर मिळवायचे. वय मात्र विचारून लिहू नका. माता-बाल संरक्षण कार्डावरची जन्मतारीख पाहा. "दिवाळीला दोन पुरी होतील" यातली दिवाळी कधीकधी पुढच्या वर्षीची असते.

आणि एक ठिपका पाहून निकाल देऊ नका. मागचे ठिपके जोडा. हिरव्या पट्ट्यात असलेल्या पण तीन महिने रेषा आडवी पडलेल्या मुलाकडं मी आधी जाईन. पिवळ्या पट्ट्यात असून रेषा वर चढत असलेलं मूल सावरत असतं.

इथवरचं सगळं प्रात्यक्षिकाच्या वहीत येतं. मोजून झाल्यावर तुम्ही तोंड उघडता, तिथून खरं अवघड सुरू होतं.

एका वस्तीवर आमच्याबरोबरच्या एका विद्यार्थिनीनं पट्टी पाहिली आणि आईला चारचौघींत सांगितलं, "तुमचं बाळ कुपोषित आहे. तुम्ही त्याच्याकडं लक्ष देत नाही." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पुस्तकात कारणांच्या यादीत "मातेचं अज्ञान" असं छापलेलं असतं, तेच ती बोलली. पुढच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा त्या घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "हाय की घरात, पण यायची न्हाई ती." ते मूल पुन्हा मोजायला आम्हाला महिना लागला. त्या महिन्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्या मुलीला बोलायचं कसं हे शिकवून पाठवणं माझं काम होतं.

म्हणून "कुपोषित" हा शब्द रजिस्टरमध्ये राहू द्या. आईला सांगताना, "बाळाचं वजन दोन महिन्यांत वाढलेलं नाही, आपण दोघी मिळून बघूया का काय झालंय ते," एवढं पुरतं. आवाज खाली, इतर बायकांपासून थोडं बाजूला. आणि "बाळाला काय काय देता?" असं विचारू नका. त्याचं उत्तर एकच असतं: "खातंय की सगळं." कालचा दिवस विचारा. काल सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय दिलं? मग तुम्ही कामाला कधी गेलात? तेव्हा बाळ कुणाजवळ होतं? त्यांनी काय चारलं, किती वाटी, अंगावर पाजणं किती वेळा झालं? हळूहळू सगळं बाहेर येतं. "चा-बटर दिलं. मग मी भांगलायला गेले. म्हातारीनं भात चारला असंल, तिला दिसत न्हाई नीट. मी आले तवा निजलं हुतं." या चार वाक्यांत आईचं अज्ञान कुठं दिसतं? मला तरी दिसतो तो दिवसभराचा रोजगार, एकटी म्हातारी आणि चुकलेलं दुपारचं जेवण. सल्ला द्यायचा तो यावर द्यायचा. सासूबाईंना बोलवा, त्यांच्याशी बोला. बाळाच्या पोटात काय जातं हे बऱ्याच घरांत आईपेक्षा आजी ठरवते, आणि खर्च बाप ठरवतो. आरोग्यशिक्षण फक्त आईला देऊन आपण तिच्यावर आणखी एक ओझं टाकतो.

मग सांगायचं काय? हिरव्या भाज्या, फळं, कडधान्यं, दूध, अंडी असा रंगीत तक्ता भिंतीला लावून वाचू नका. त्यातलं अर्धं त्या घरात नसतं आणि उरलेलं त्यांना माहीत असतं. एकच गोष्ट सांगा, जी आज संध्याकाळी करता येईल. बहुतेक घरांत ती गोष्ट म्हणजे जेवणाचा घट्टपणा.

आठ महिन्यांच्या बाळाचं पोट एका वेळी दोनशे ते अडीचशे मिलिलिटर धरतं, म्हणजे साधारण एक वाटी. त्या वाटीत भाताची पातळ पेज किंवा वरणाचं पाणी गेलं की पोट भरतं, बाळ तोंड फिरवतं, आई म्हणते "खात न्हाई". पोट भरलेलं असतं ते पाण्यानं. चमच्यात घेतलेलं अन्न चमचा वाकडा केल्यावर ओघळून जात असेल तर ते पातळ आहे. चिकटून राहून गोळ्यासारखं पडलं तर बरोबर. भात-वरण मऊ कुस्करा, त्यात चमचाभर तेल किंवा तूप घाला. ५ ग्रॅम तेलातून ४५ उष्मांक मिळतात आणि वाटीचा आकार तेवढाच राहतो. शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट आपल्या प्रत्येक घरात असतो, १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. अख्खा शेंगदाणा मात्र लहान बाळाच्या हातात देऊ नये, घशात अडकतो. पश्चिमेकडच्या तालुक्यांत नाचणी पिकते, तिचं सत्त्व किंवा घट्ट लापशी करा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. घरात कोंबड्या असतील तर अंडं विकण्याआधी एक बाळाचं. आणि दारात म्हैस असेल तर वर्षाच्या पुढच्या बाळासाठी डेअरीला घालण्याआधी एक वाटी बाजूला. पैशाचं गणित घरातल्या बापासमोर मांडा, तो ऐकतो. चहा मात्र बंद. त्यानं भूक मरते आणि अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

किती वेळा द्यायचं तेही सांगा. सहा ते आठ महिन्यांत अंगावरच्या दुधाबरोबर दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा आणि मधे एक-दोनदा काहीतरी खाऊ. आपल्याकडं उष्टावण थाटात होतं, मामा मांडीवर घेऊन खीर चाटवतो, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळ पुन्हा दुधावर. कित्येक घरांत खरा वरचा आहार आठव्या-नवव्या महिन्यात सुरू होतो. उष्टावणाला बोलावणं आलं तर जरूर जा आणि आजीला तिथंच विचारा, "उद्या सकाळी काय देणार?"

आजारपणात अन्न तोडू नका, हे तुम्हाला माहीत आहे. तरी तुमच्या घरी भाच्याला जुलाब लागले तेव्हा काय केलं ते आठवा. जुलाबात ओआरएस, १४ दिवस झिंक आणि जेवण चालू. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

सॅम मूल सापडलं तर त्याची भूक तपासली जाते आणि आजार पाहिला जातो. भूक चांगली आणि दुसरं दुखणं नसेल तर त्याची सोय गावातच, ग्राम बालविकास केंद्रात. आपण सगळे त्याला व्हीसीडीसी म्हणतो. सूज, ताप, जोराचा श्वास, न थांबणारी उलटी, सुस्ती किंवा भूकच नसणं यांपैकी काही दिसलं तर रुग्णालयात, पोषण पुनर्वसन केंद्रात. वॉर्डात ड्युटी असलेल्यांनी एक लक्षात ठेवा: या मुलाला भरपूर खायला घालण्याची घाई जिवावर बेतू शकते. पहिले दिवस साखर घसरणं आणि अंग थंड पडणं यांच्याशी झुंज असते. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, एफ-७५ हे कमी ताकदीचं दूध. भूक परतली की एफ-१००. लोहाचं औषध सुरुवातीला नाही. रात्री तीनचं पाजणं चुकवू नका. आईला उठवायचं काम तुमचं आहे. रुग्णालयात राहणाऱ्या आईची मजुरी बुडते, त्यासाठी मिळणाऱ्या रकमेची चौकशी आधीच करून ठेवा. "मी राहिले तर घरी चूल कोण पेटवील?" हा तिचा पहिला प्रश्न असतो.

तुमच्यापैकी काहीजण शेवटच्या वर्षी याच विषयावर प्रकल्प करतात: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं कुपोषणाबद्दलचं ज्ञान आणि दृष्टिकोन. करा, पण प्रश्नावली अशी बनवू नका की उत्तर प्रश्नातच दिसेल. "कुपोषण ही गंभीर समस्या आहे" या वाक्यापुढं सगळे "पूर्ण सहमत" वरच खूण करणार, आणि तुमचा निष्कर्ष "दृष्टिकोन सकारात्मक" असा येणार. त्यातून कुणाला काय कळलं? प्रसंग द्या. दीड वर्षाचं मूल, आई यंत्रमागावर, वजन दोन महिने तेवढंच. आधी कुणाशी बोलाल, काय बोलाल? "गरीब आयांना सांगून उपयोग नसतो", "आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न फारसा नाही" अशी वाक्यं मधे मिसळा, ज्यांना मनापासून "सहमत" म्हणावंसं वाटेल. पोस्टिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा विचारा. कागदावर नाव नको, आणि ते गोळा करायला गुण देणाऱ्या शिक्षकांनी जाऊ नये. मीही माझ्या वर्गात थांबत नाही.

त्याच प्रश्नावलीत एक प्रश्न स्वतःसाठी ठेवा: तुमचं हिमोग्लोबिन किती आहे? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सकाळी उपाशी ड्युटीवर येणाऱ्या, हॉस्टेलच्या डब्यातली भाजी टाकून वडापाववर दिवस काढणाऱ्या मुली मी रोज पाहते. बाळाचं कुपोषण पुष्कळदा त्याच्या आईच्या पोटात असताना, आणि त्याही आधी ती आई तुमच्या वयाची असताना सुरू झालेलं असतं. तपासणी करून घ्या, लाजू नका.

मुलांचे फोटो काढू नका. स्टेटसला तर मुळीच नको.

पोस्टिंग संपतं तेव्हा तक्ते भिंतीवर राहतात आणि आपण गाडीत बसतो. त्याआधी एक काम करा. ज्या मुलांची रेषा आडवी आहे त्यांची नावं, शेवटचं वजन, दंडघेर, घरी आईला काय सांगितलं आणि तिनं काय जमेल म्हटलं, हे एका साध्या वहीत लिहून अंगणवाडी सेविकेच्या आणि आशाताईंच्या हातात द्या. ऊसतोडीचं मूल असेल तर ते कधी आणि कुठल्या गावाला परत जाणार तेही लिहा, म्हणजे अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवरची त्याची नोंद तिकडं हलवता येते. एक प्रत कॉलेजात माझ्या टेबलावर ठेवा. जानेवारीत पुढची बॅच जाईल तेव्हा त्यांना पहिल्या दिवशी त्याच घरांत जायचं आहे.